शेपटापासून

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि शेजारणीच्या तोंडून सांगावी अशी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. बसून वाच.

तुझी रेकॉर्ड पुन्हा निघते आहे. 'विझणं'. हो, तीच.

झालं असं, की एका गृहस्थाला भंगाराच्या दुकानात जुन्या रेकॉर्डींच्या गठ्ठ्यात ती सापडली. त्याला छातीपर्यंत दाढी आहे, म्हणून आम्ही त्याला दाढीवालाच म्हणतो. विसरलेलं संगीत शोधायचं आणि नव्याने रेकॉर्डवर काढायचं, हाच त्याचा धंदा. त्याने तुझी रेकॉर्ड घरी लावली, मित्रांना ऐकवली, मग इंटरनेटवर टाकली. ती कुठल्या कुठे पोचली आहे, मावशी. वेष्टनावर तुझ्या नावापलीकडे काहीच नव्हतं, म्हणून तो चौकशी करत आमच्या रेडिओ केंद्रात आला. मी नाव वाचलं आणि म्हटलं, "ही तर माझी मावशी." तो मला मिठीच मारणार होता. दाढीमुळे वाचले.

मूळ टेपही मिळाली. आईच्या कपाटात, पांघरुणांच्या खाली. आई म्हणते, "ती म्हणाली होती टाकून दे. मी टाकली नाही, एवढंच."

लोकांना काय आवडतं ते सांगते. आवाज शून्यातून येतो, फुगत जातो, आणि ऐन भरात तोडला जातो. थोबाडीत बसल्यासारखा. असं त्या काळात कोणी करत नव्हतं. नाव 'विझणं' आणि आवाज तर पेटत जातात, या खोचेवर एकाने लांबलचक लेख लिहिला आहे. सगळे मला एकच विचारतात: कारखान्यात यंत्रं तपासणाऱ्या बाईला हे सुचलं कसं?

तर एक, तुझी संमती हवी. एका ओळीत 'हो' लिही. दोन, हे सुचलं कसं तेही लिही. माझी नोकरी अजून कंत्राटीच आहे. जूनमध्ये एक जागा कायम होणार आहे आणि तुझ्यावरचा कार्यक्रम आमच्या साहेबांच्या मनात भरला आहे. मला ही जागा हवी आहे. तुझ्यापासून काय लपवायचं?

तुझी,
टिटवी

११ फेब्रुवारी

टिटवे,

बसूनच वाचलं. उभ्याने वाचायला गुडघे परवानगी देत नाहीत.

ते मला सुचलं नव्हतं. रेकॉर्ड उलटी आहे.

आमच्या कारखान्यात सूर काढणारी यंत्रं बनत. बटण फिरवलं की एकच सरळ सूर, जाड किंवा बारीक. तो खरा निघतो की नाही हे पाहायचं, एवढं माझं काम. शिफ्ट सुटली की तपासणीची खोली रिकामी व्हायची. मी पत्रा, नळाचा तुकडा, रिकामी टाकी, असं काहीबाही गोळा केलेलं होतं. ते ठोकायचे. आवाज टेपवर घ्यायचे. धातूचा आवाज विझत आला की त्याच उंचीचा यंत्राचा सूर हलकेच आत आणायचा, आणि तोही विझू द्यायचा. धातू कुठे संपला आणि यंत्र कुठे सुरू झालं, तो सांधा कोणाला सापडू नये. कल्पना एवढीच होती. म्हणून नाव 'विझणं'. लेख लिहिणाऱ्याला सांग, खोच वगैरे काही नाही.

टेप वाजवून झाली की मी ती परत गुंडाळत नसे. शेपूट बाहेर ठेवायचे. रिळावर थरावर थर बसतो आणि मोठ्या आवाजाची सावली शेजारच्या थरावर उमटते. शेपूट बाहेर असेल तर ती सावली आवाजाच्या मागून येते आणि त्यातच झाकली जाते. शेपटाला लाल पट्टी जोडायचे. लाल दिसली की आधी टेप गुंडाळून घ्यायची, मग वाजवायची. रेकॉर्डच्या कारखान्यातल्या माणसाने पट्टी पाहिली नाही. आली तशी चढवली. सगळं शेपटापासून डोक्याकडे.

मी गेले होते त्याच्याकडे. म्हटलं, उलटी झाली आहे. त्याने नीट कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "बाई, यात उलट काय आणि सुलट काय?" तो चेष्टा करत नव्हता. चेष्टा केली असती तर मी भांडले असते. त्याला खरोखरच कळत नव्हतं. त्यानंतर मी टेपला हात लावला नाही.

टेप शिल्लक आहे हे मला ठाऊक नव्हतं. ताईचं मी काय करू? आहे तर आता रेकॉर्ड सरळ कापा. लाल पट्टी आत जाईल अशी गुंडाळून घ्या आणि मग वाजवा. तशी निघणार असेल तर 'हो'. नसेल तर 'नाही'. तुला एक ओळ हवी होती, या दोन झाल्या.

मावशी

२० फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं पोटात ठेवलं. बोलली असती तर काय झालं असतं?" मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. भांडी घासलेली होती.

दाढीवाला रोज फोन करतो. त्याला वेष्टनासाठी तुझा फोटो हवा आहे, तपासणीच्या खोलीतला असला तर फारच छान. तेव्हा पांढरा कोट घालायचीस का? टेप मात्र फार चांगली राहिली आहे. लेथ नावाच्या यंत्रावर रेकॉर्डचे चर कापणारे एक गृहस्थ आहेत, तुझ्याच वयाचे असतील, सगळे त्यांना लेथवाले म्हणतात. त्यांनी ती मंद आचेवर शेकली. जुनी टेप चिकट होते म्हणे, शेकली की थोडे दिवस नीट चालते. शेकलेली टेप मी हातात धरली. गरम पापडासारखी हलकी लागली.

एक सांगायचं राहिलं. माझा कार्यक्रम तुझं पत्र येण्याआधीच झाला. तू उशीर केलास असं नाही, साहेबांनाच घाई होती. त्यात मी थोडं मनाने बोलले. "माझी मावशी म्हणायची, सगळे आवाज विझतात, मी विझलेला आवाज पेटवते." असं काहीतरी. लोकांना फार आवडलं. दाढीवाल्याने ते वाक्य वेष्टनाच्या मागच्या बाजूला घेतलं आहे, तुझ्या नावाने.

रागावू नकोस. तू कधी काही म्हणालीच नाहीस, मग मी सांगणार तरी काय होते?

टिटवी

२७ फेब्रुवारी

टिटवे,

तुझ्या पत्रात पांढरा कोट आहे, पापड आहे, ताईची भांडी आहेत. मी विचारलं ते नाही. सरळ कापणार की नाही?

कोट निळा होता. फोटो नाही.

ते वाक्य मी म्हटलेलं नाही. असं बोलणारी असते तर ताईने मला घरात ठेवली नसती. वेष्टनावरून काढा.

शेकलेली टेप थोडेच दिवस चालते म्हणतेस. म्हणजे टोलवाटोलवी करायला वेळ नाही. दाढीवाल्याला माझं म्हणणं सांगितलंस का, हे मला लिहून हवं आहे. लेथवाल्यांना फक्त इतकंच विचार, की लाल पट्टी बाहेर होती की आत. कामाचा माणूस असेल तर पुढचं त्यांना सांगावं लागणार नाही. कापून झाल्यावर पहिला नमुना माझ्याकडे पाठवा. त्यावर मी 'ठीक' म्हटल्याशिवाय बाकीच्या काढू नयेत.

कानांचं विचारशील. उजवा गेला. डाव्याने जाड आवाज तेवढे येतात. यंत्र लावलं की माणसं बोलतात ते डब्यात खडे हलवल्यासारखं. पण त्याची काळजी तू करू नकोस.

आणि तुझ्या नोकरीचं. जागा तुला मिळावी असं मलाही वाटतं. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतवू नकोस.

मावशी

१२ मार्च

मावशी,

सांगितलं. दाढीवाला आधी हिरमुसला, पण ऐकलं त्याने. लाल पट्टी बाहेरच होती. आता तुझ्या म्हणण्याप्रमाणेच कापली आहे. वाक्यही काढतो म्हणाला.

नमुना या खोक्यात आहे. जपून उघड. लेथवाल्यांनी स्वतः बांधला आहे. त्यांच्या गाठी सोडवण्यापेक्षा दोरी कापलेली बरी.

रेकॉर्डच्या कारखान्यात या महिनाअखेरीला नंबर लागला आहे. हुकला तर वर्ष जाईल असं दाढीवाला म्हणतो, तेव्हा लवकर कळव. आणि ऐकताना जिवाला फार लावून घेऊ नकोस. तुझ्या कानाला बारीक गोष्टी लागणार नाहीत, तूच लिहिलं आहेस. नुसतं 'ठीक' लिहिलंस तरी पुरे.

आई विचारते, गुडघ्याला काय लावतेस?

टिटवी

२४ मार्च

टिटवे,

रेकॉर्ड वाजवली नाही. वाजवायची गरज पडली नाही.

टेबलावरचा दिवा आडवा धरला आणि भिंगाने पाहिली. तपासणीच्या खोलीत आम्ही कानांइतकेच डोळे वापरायचो. आवाज मोठा असतो तिथे चर रुंद होतो, थरथरलेला दिसतो, आणि प्रकाश त्यावर फुटतो. शांत असतो तिथे चर गुळगुळीत, काळा. ठोका दिलेला आवाज सरळ कापलेला असेल तर बाहेरून आत जाताना आधी एकदम चकाकी दिसायला हवी, मग ती हळूहळू काळी व्हायला हवी. तुझ्या रेकॉर्डवर काळ्यातून चकाकी वाढत जाते आणि एकदम तुटते. पहिल्या आवाजात तसं, दुसऱ्यात तसं. पहिली बाजू पाहून झाल्यावर दुसरी पाहिलीच नाही.

तू लिहिलंस, तुझ्या म्हणण्याप्रमाणेच कापली आहे.

बहिऱ्या माणसाला रेकॉर्ड पाठवून 'ठीक' लिहून मागायचं, ही युक्ती दाढीवाल्याची की तुझी? उत्तर देऊ नकोस, मला कळलं आहे. गुडघ्याला काय लावतेस हे ताईने विचारलं नसणार. ताईला ठाऊक आहे.

कारखान्यातल्या त्या माणसाने मला फसवलं नव्हतं. त्याला कळलं नव्हतं. तुला कळलं होतं.

ही रेकॉर्ड निघणार नाही.

मावशी

२९ मार्च

मावशी,

युक्ती माझी होती. दाढीवाल्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो म्हणाला, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

तू लिहिलंस ते सगळं माझ्यावर येतं, मान्य. पण आता माझंही ऐक, कारण तुझ्याशी कोणी खरं बोलतच नाही. आई तुला घाबरते, शेजारीण तुला घाबरते.

मी टेप सरळ ऐकली आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात लेथवाल्यांकडे गेले आणि म्हटलं, एकदा सरळ लावा. मला वाटलं होतं, अंगावर काटा येईल. इतकी वर्षं गाडलेली खरी रेकॉर्ड, आणि ती मी पहिल्यांदा ऐकणार. पत्र्यावर ठोका पडला, घुमला, विझला. मग नळावर. मग टाकीवर. शाळेची घंटा होते ना, तसं. मी वाट पाहत राहिले. मावशी, ती साधी आहे. वाईट नाही, साधी. अशा शंभर निघाल्या असतील आणि शंभर विसरल्या गेल्या असतील. लोक ज्याच्यावर जीव टाकतात ते त्या टेपमध्ये सरळ नाहीच.

हे मी तुला कसं लिहिणार होते? खोटं बोलणं सोपं होतं, म्हणून खोटं बोलले. नोकरीसाठी बोलले हेही खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तुझं नाव पहिल्यांदा चार लोकांच्या तोंडी आलं होतं आणि तूच ते पुसायला निघाली होतीस.

आणि उलटी तुझी नाही असं तू कशावरून म्हणतेस? पत्रा तूच ठोकलास. सूर तूच लावलास. त्या माणसाने फक्त रीळ चढवलं.

तुझ्या नावाने वाक्य बनवलं, ते वाईट केलं. रेकॉर्ड बुडवू नकोस, एवढं मागते.

टिटवी

१० एप्रिल

मावशी,

उत्तर नाही. शेजारणीला फोन केला तर म्हणाली, तुझ्या घराला कुलूप आहे, कुठे गेलीस माहीत नाही. आई दर तासाला विचारते. निदान एक कार्ड टाक.

कारखान्याचा नंबर गेला. दाढीवाल्याने धडपड करून पुढचा मिळवला, आणि एक तोडगाही काढला आहे: एक बाजू उलटी, एक बाजू सरळ, दोन्ही तुझ्या नावाने. लोकांनी हवी ती ऐकावी. मला हे बरं वाटतं. लेथवाले मात्र अडून बसले आहेत. बाईंचा निरोप आल्याशिवाय लेथ सुरू होणार नाही म्हणतात. मी म्हटलं, मी त्यांची भाची. ते म्हणाले, "तुमच्याच शब्दावर पहिली कापली होती ना?"

साहेबांनी आज विचारलं, मावशी स्टुडिओत येतील का? जागेची मुलाखत दुसऱ्या कार्यक्रमानंतर ठेवतो म्हणाले. मी 'विचारते' म्हटलं.

कुठे आहेस?

टिटवी

१९ एप्रिल

टिटवे,

मंगळवारी तुमच्या शहरात होते. तुझ्याकडे आले नाही. ताईला सांगू नकोस, ती आधी विचारेल जेवलीस कुठे.

त्याआधी जुन्या कारखान्याच्या गावी गेले होते. तिथे आता गोदाम आहे. पाहायचं होतं, पाहिलं. मग लेथवाल्यांकडे. नमुन्याच्या खोक्यावर पत्ता होता.

जिना उंच आहे. वर एकच खोली, दाराला आतून जाड कापड ठोकलेलं. ते लेथजवळ बसून डबा खात होते. म्हणाले, "रेकॉर्डी विकायच्या असतील तर खालच्या मजल्यावर." म्हटलं, "विकायची नाही, थांबवायची आहे." मग त्यांनी डबा झाकला आणि खुर्ची दिली.

टेप त्यांनी पुन्हा शेकून ठेवली होती. आधी सरळ लावा म्हटलं. स्पीकरच्या पेटीला डावा कान टेकवला, वर तळहात ठेवला. पत्र्याचा ठोका आला तो बरगडीत बसला. मग विझायला लागला. मी सांध्याची वाट पाहत होते. टिटवे, तो ऐकू आला. एवढ्याशा कानाला. हातालाही कळला, अंधारात शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसा. नळात तेच. टाकीत तर सूर चक्क धातूच्या वर चढलेला. तेव्हा मला वाटलं होतं की सांधा सापडणार नाही. इतकी वर्षं मी धरून चालले, की एकाने पट्टी पाहिली नाही म्हणून माझं चांगलं काम वाया गेलं. काम तितकं चांगलं नव्हतं.

मग उलटी लावा म्हटलं. उलटीत सांधा नाहीसा होतो. आवाज वाढत असतो, ऐकणाऱ्याचं लक्ष पुढे काय येणार याकडे लागलेलं असतं, मागे काय बदललं ते तो बघत नाही. जे मला साधायचं होतं ते त्या माणसाने न बघता साधलं.

लेथवाल्यांना विचारलं, "कसं वाटलं?"

ते म्हणाले, "बाई, मी कापतो. मत देत नाही."

"दिलं तर?"

"दिलं तर उलटी चांगली आहे."

मला हसू आलं. तेही हसले, पण जरा घाबरून.

तेव्हा तुझं खरं आहे. हे लिहून देते आहे, जपून ठेव, माझ्याकडून पुन्हा मिळणार नाही.

तरीही मी त्यांना सरळ कापायला सांगितलं. दोन्ही बाजू सरळ. दाढीवाल्याचा तोडगा नको. दोन्ही शेजारी ठेवल्या की सरळ बाजू ही उलटीची तळटीप होऊन बसेल. उलटी लोकांकडे आहेच. ती कोणी काढून घ्यावी असं मी म्हणत नाही, ज्याला आवडते त्याने ऐकावी. तू विचारलंस, ती माझी नाही कशावरून. मला ठाऊक नाही. अर्धी असेल. पण माझ्या नावाने, माझ्या हातून एकच रेकॉर्ड निघणार असेल, तर तिच्यात चूक माझी असावी. दुसऱ्याची नको.

त्यांनी लाखेची कोरी तबकडी चढवली. टेप गुंडाळून घेतली. सुई खाली सोडायचा खटका मला दाबू दिला. चर कापला जातो तसा त्यातून काळा दोरा निघतो, केसासारखा, आणि एक नळी तो ओढून घेते. दोन्ही बाजू होईपर्यंत मी तो दोरा बघत बसले.

दाढीवाल्याला मी लिहिलं आहे. नको असेल तर त्याने सोडून द्यावं. टेप माझ्याकडे आहे.

आता तुझं. रेडिओवर माझ्या नावाने जे बोललीस ते परत घे. मी कोणाला सांगायला जाणार नाही, स्टुडिओत येणार नाही आणि माझी पत्रं वाचून दाखवलेली मला चालणार नाहीत. तोंडाने बोललीस, तोंडानेच निस्तर. जागा जाईल बहुधा. हे ठाऊक असून लिहिते आहे.

मावशी

३ जुलै

मावशी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले कारण पहिली तीन उत्तरं फाडली. त्यांत काय होतं ते तुला कळेल.

दुसऱ्या कार्यक्रमात सांगितलं. साहेबांनी आधी लिहून मागितलं होतं. वाचून म्हणाले, "हे सांगायलाच हवं का? कोणी विचारलंय तरी का?" मी म्हटलं, "मावशीने विचारलंय." ते म्हणाले, "त्या आमच्या श्रोत्या आहेत का?" मी म्हटलं, "त्यांना ऐकू येत नाही." मग म्हणाले, "कर, पण मुलाखतीत मी काही करू शकणार नाही."

मी सांगितलं, की रेकॉर्ड चुकून उलटी निघाली होती, तसं करणं मावशीच्या मनात नव्हतं, आणि ते वाक्य माझं होतं. मग लेथवाल्यांनी टेपवरून उतरवून ठेवलेला सरळ पत्रा लावला, पूर्ण. मध्ये एक शब्द बोलले नाही. काचेपलीकडे तंत्रज्ञ घड्याळाकडे बोट दाखवत होता.

लोकांची पत्रं आली. बहुतेकांना फसवल्यासारखं वाटतं आहे. लेख लिहिणाऱ्याने मला फोनवर झापलं. एकाने नुसतं लिहिलं, 'आधीची बरी होती.' जागा दुसऱ्याला मिळाली. माझं कंत्राट वर्षअखेरपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. आई म्हणाली, "झालं ना बोलून? आता जेव."

दाढीवाला सोडून देणार होता. लेथवाले त्याच्याकडे जाऊन बसले, काय बोलले कोणी सांगत नाही. त्याने थोड्याच प्रती काढल्या. वेष्टनावर 'विझणं' आणि तुझं नाव. मागची बाजू कोरी.

माझा तुझ्यावर राग आहे, मावशी. जागा जाईल हे ठाऊक असून तू लिहिलंस, तर मीही हे लिहूनच टाकते. तू म्हणालीस ते बरोबर होतं, म्हणून राग कमी होत नाही.

काल माझी प्रत आली. आज संध्याकाळी आई शेजारी गेल्यावर लावली. सांधा मला आता सगळीकडे ऐकू येतो. पहिल्या वेळी आला नव्हता, तेव्हा मी तो शोधतच नव्हते. टाकीत खरंच सूर धातूच्या वर चढतो. तिथे तू जरा घाई केलीस.

पहिली बाजू मला आवडली नाही. ती संपल्यावर मी उठले आणि दुसरी लावली.

टिटवी